बरणीतला फिकट मासा

एकदा एका वृद्ध मत्स्यशास्त्रज्ञांकडे त्यांची शिष्या हर्षभराने आली. संग्रहालयाच्या कपाटात बारा वर्षे पडून राहिलेल्या बरणीत तिला बोटाएवढा मासा सापडला होता, शास्त्रात अद्याप कोणीच न नोंदवलेला. तिने त्याचे खवले मोजले, पर मोजले, निबंध लिहिला आणि लॅटिनमध्ये शास्त्रीय नावही ठेवले: पॅलिडा, म्हणजे फिकट.

गुरूंनी निबंध वाचला. मोजमापांत एकही चूक काढली नाही. तरीही सही न करता पेनाला टोपण लावून ठेवले. "उद्या सकाळी बरणीवरच्या चिठ्ठीत लिहिलेल्या ओढ्यावर जाऊ. जाळे आणू नकोस."

"सर, दुसरीकडेही याच माशावर काम चालले आहे. त्यांनी आधी छापले तर सगळे श्रेय जाईल हो माझे!"

"जाईल," गुरू शांतपणे म्हणाले. शिष्या मनातल्या मनात धुसफुसली.

सकाळी दोघे पाण्यात पाय सोडून बसले. तासभर काहीच घडेना. मग ऊन तळापर्यंत उतरले आणि माशांचा एक घोळका पुढ्यात आला. प्रत्येकाच्या कुशीवर हळदीसारखा पिवळाधमक पट्टा, शेपटीपाशी लाल ठिपका. इतका देखणा जीव! शिष्येने वाकून पाहिले: तोच बोटाएवढा आकार, तेच पर; हा तिच्या बरणीतलाच मासा.

काठावर भांडी घासणाऱ्या बाई हसल्या. "हळदुली कदी बगितली न्हाई व्हय? खरकटं खायाला रोज येत्यात की."

शिष्या ओशाळली. "रंग बरणीतल्या औषधाने उडाला होता, सर. मी तोच खरा समजले."

"मीही समजलो होतो," गुरू म्हणाले. "तुझ्याच वयात, बरणीतल्या एका माशाचे नाव मी 'आखूडशेपटी' ठेवले. शेपटी बरणीत तुटली होती. आपला नियम तुला ठाऊक आहे: पहिले छापलेले नाव अयोग्य ठरले म्हणून बदलत नाही, आणि त्यामागे ठेवणाऱ्याचे नाव लागते. तो मासा लांबसडक शेपटी हलवत पोहतो आहे आणि चाळीस वर्षे त्या नावामागे माझे नाव उभे आहे. ते वाचताना अजून लाज वाटते गं."

शिष्येने ओल्या हातांनीच पिशवीतून निबंध काढला, 'पॅलिडा' खोडले आणि बाईंना पुन्हा एकदा नीट विचारून तिथे 'हळदुली' लिहिले. गुरूंनी कागद दगडावर टेकवून सही केली.

नाव ठेवण्याआधी एकदा ओढ्यावर जाऊन यावे.