चिंधू पेंटर पहिल्यापासून सुरू करतो

एका गावात एक भोळा पेंटर होता. नाव चिंधू. अक्षर मोत्यासारखं, पण शुद्धलेखनाच्या नावाने बोंब. वाघमोडे गुरुजींच्या कुसुमला तो मनापासून आवडायचा. गुरुजी म्हणाले, "आधी बिनचूक पाटी लिहून दाखव. मग लग्नाचं बोलू."

चिंधूने औषधाच्या दुकानाची पाटी रंगवली. सगळी अंदाजाने. ओळीओळीत चुका. लोक पाटी वाचायचे आणि तालुक्याला जाऊन औषध आणायचे. "दुकानाचं नाव धड लिहिता येईना, गोळी काय धड देणार?"

गुरुजी भडकले. "अरे, पाटी म्हणजे दुकानाचं तोंड! मालकाला विचारावं. तो सांगेल तो शब्दन् शब्द लिहावा."

"बरं, गुरुजी."

मग चिंधू साबळे डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर शिडीखाली उभे राहून सांगत होते. पाटी तयार झाली: 'डॉक्टर साबळे. सकाळी नऊ ते एक. अरे अरे, डबा सांभाळ! शर्ट गेला माझा! चल, नीघ इथून.'

पेशंट शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि निमूट घरी जायचे.

गुरुजी म्हणाले, "कामाचं तेवढंच लिहावं रे! लोकांना जे ठाऊक आहे ते कशाला लिहायचं?"

"बरं, गुरुजी."

पुढे जत्रा आली. सरपंचांनी मोठी भिंत दिली. जत्रा कधी, पालखी कधी, कुस्त्या कुठे, सगळं लिहायचं होतं. चिंधू आधी गावभर विचारत फिरला. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. त्याने भिंतीला झकास चुना लावला आणि घरी गेला. परगावचे पैलवान आले, भिंतीकडे बघत बसले आणि परत गेले.

"आरं चिंध्या, भिंत कोरी कशी?" सरपंच ओरडले.

"एक तरी चूक दाखवा," चिंधू म्हणाला.

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "आता शेवटचं सांगतो. सगळं लिही. मग वाच. चूक दिसली की ठिगळ लावायचं नाही. सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं."

"बरं, गुरुजी."

या वेळी शाळेची पाटी होती. चिंधू दिवसभर लिहीत होता, पुसत होता. संध्याकाळी पाटी बिनचूक झाली. गुरुजींना भरून आलं. त्यांनी लग्न ठरवून टाकलं.

लग्नाला सगळा गाव लोटला. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं म्हणताना भटजी एका ओळीत अडखळले आणि पटकन सावरून पुढे गेले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. चिंधूच्या आलं.

"थांबा! ठिगळ नको."

त्याने मुंडावळ्या सोडल्या. बादलीभर पाणी मागवून अंगाची हळद धुतली. मांडवाबाहेर गेला आणि साधा सदरा घालून परत आला.

"नमस्कार," तो गुरुजींना म्हणाला. "मुलगी बघायला आलोय."

एका मावशींनी सवयीने पोह्यांची बशी आणून दिली. चिंधूने पोहे खाल्ले. मग हार धरून उभ्या असलेल्या नवरीकडे बघितलं.

"नाव काय आपलं?"

"कुसुम," ती रडवेली होऊन म्हणाली.

"अरे, पसंत आहे ना?" गुरुजी काकुळतीला आले. "मुहूर्त टळतोय!"

चिंधूने बशी खाली ठेवली, हात जोडले आणि चपला घातल्या.

"घरी जाऊन कळवतो."