मधली भिंत

साताऱ्याचे निवृत्त पोलीस अधिकारी रणनवरे यांनी दिवाणखाना नव्यानं सजवायचं काम तेजल वाळिंबेला दिलं. त्यांच्या पत्नी कुमुदताईंची एकच इच्छा होती. स्वयंपाकघर आणि दिवाणखान्यामधली भिंत जावी. आत त्यांना एकटीला कोंडल्यासारखं व्हायचं.

रणनवऱ्यांनी तेजलला बजावलं, "ती भिंत हलणार नाही. तिच्यावर माझी सन्मानचिन्हं लागतील. घरात शिरल्याबरोबर घरातली सगळ्यांत मोलाची गोष्ट दिसली पाहिजे." मग आत वळून त्यांनी हाक मारली, "कुमुद, चष्मा कुठंय?" तेजल मापं घेत राहिली. थोड्या वेळानं पुन्हा हाक आली, "कुमुद, आहेस कुठं तू?"

"साहेब, मग भिंत पाडावीच लागेल," तेजल म्हणाली.

"ती का?"

"मी आल्यापासून तुम्ही काकूंनाच शोधताय. सन्मानचिन्हं कुठं आहेत, हे एकदाही विचारलं नाहीत."

रणनवरे मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "खरंय. तिच्यावाचून माझं पान हलत नाही."

आतून कुमुदताईंचा आवाज आला, "काय म्हणालात? भिंतीमुळं नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा."

"पाडा ती," रणनवरे तेजलला म्हणाले. "तिला समोरूनच सांगतो."