हळदीचे बोट

एका राज्यात मरणारा माणूस जाताना निरोप लिहून ठेवी. कागदाची घडी घालून वर हळदीचे बोट उमटवले, की ज्याचे नाव त्यानेच ती उघडायची. इतर कोणी नाही, राजानेही नाही.

राजा सुकेतूने ही रीत मोडली. केरोजी गवंड्याने सुळावर जाण्याआधी बायकोला, भिवराला, निरोप लिहिला. राजाने तो तुरुंगातच उघडला, वाचला आणि कोनाड्यातल्या दिव्यावर धरला. शेजारच्या कोठडीतल्या मांत्रिकाला धुराचा वास आला. तो म्हणाला, "या राज्यात जो मरेल, त्याची अक्षरे त्याच्याबरोबर मरतील."

तसेच झाले. श्वास थांबे आणि कागद कोरा होई. लोक ते कोरे कागद आढ्याला बांधून ठेवीत.

पुढे काही वर्षांनी राणी मृणालवती क्षयाने खंगली. तिची मुलगी इंदुकला लहान होती, अक्षर ओळखत नव्हती.

"मोठेपणी तिला माझा चेहराही आठवणार नाही, महाराज," राणी म्हणाली. "माझे चार शब्द तरी राहू द्या."

राजा मांत्रिकाच्या शोधात पायी निघाला. केरोजीच्या मरणानंतर त्याच पावसाळ्यात तळ्याचा बांध फुटून एक गाव बुडाले होते. त्या बांधावर टिटवी बसली होती.

"आज पायी? हत्ती उपाशी आहेत वाटतं."

"मांत्रिक कुठे आहे?"

"मेला. उतारा लिहिला असता तर पुसला गेला असता, म्हणून माझ्या कानात सांगून गेला. जाळलेल्या निरोपाची राख आण. गाळातून केरोजीचा ओळंबा, भिंत सरळ आहे का ते पाहायचे दोरीचे वजन, काढ. तिसरे काम मग सांगेन."

राजाने दिव्याच्या कोनाड्यातली राख नखांनी खरवडली. मग तो गाळात उतरला. हाताला हाडे लागत आणि म्हणत, "मी नव्हे, पुढे बघ." शेवटी एक लहान मूठ लागली. ती म्हणाली, "बाबांचा ओळंबा माझ्याकडे आहे."

टिटवी म्हणाली, "आता भिवराकडे जा. जे एकट्याने वाचलेस, ते तिला सांग. शब्द गाळू नकोस."

भिवरा भाकरी थापत होती. राजाने राख आणि ओळंबा तिच्यापुढे ठेवला आणि उभ्यानेच सांगितले, "'भिवरे, बांधात चुना कमी घातला आहे. मी ते बोललो म्हणून मला धरले. पावसाआधी पोराला घेऊन माहेरी जा.'"

भिवराने ओळंबा उचलला. "पोर त्याच पावसात गेलं."

"ठाऊक आहे."

"माझ्यासाठी काहीच नव्हतं?"

"होते. 'बाबा घाबरला नाही, असे पोराला सांग. तुला खरे सांगतो, मी घाबरलो आहे.'"

भिवराने राख कपाळाला लावली. "निघा आता. पुन्हा या दारात येऊ नका."

त्या क्षणी घरोघरी आढ्याला बांधलेल्या कोऱ्या कागदांवर अक्षरे उमटली, आणि गावोगावी रडण्याचा आवाज उठला.

राजा परतला तेव्हा राणी गेली होती. दासी म्हणाली, "कागद कोरा झाला होता, महाराज. मग आपोआप भरला." घडीवर हळदीचे बोट होते आणि नाव होते इंदुकलेचे.

राजाची बोटे घडीवर थबकली.

"बाबा, वाचा ना," इंदुकला म्हणाली.

"नाव तुझे आहे. तूच वाचायचे."

दुसऱ्या दिवशी त्याने ताटात तांदूळ पसरले आणि तिचे बोट धरून पहिले अक्षर गिरवले. ज्या दिवशी तिने तो निरोप उघडला, त्या दिवशी राजा दाराबाहेर उभा होता. ती बाहेर आली, तेव्हा तिचे डोळे लाल होते. आत काय लिहिले होते, ते राजाने विचारले नाही.