ठकूबाईची फेरी

आजोबांच्या आजोबांनीही जिला पाहिलं नव्हतं, त्या ठकूची ही गोष्ट.

बोरखिंड गावात हाडवैद्याच्या घरी ती जन्मली. तिचा डावा डोळा खोबणीतून पुढं आलेला, आणि नाडीबरोबर तो हलायचा. असं म्हणतात, समोर उभं राहिलं की तिच्या काळजाचे ठोके डोळ्यात दिसायचे. वाकली, आडवी झाली, की डोळा आणखी फुगायचा. म्हणून ठकू ताठ राहायची, सतत चालायची. जेवायची चालत, झोपायची भिंतीला टेकून. बाया तिला पाहून लेकरं पदराखाली झाकायच्या.

बापानं तिच्या कवटीवरून बोटं फिरवून ओळखलं होतं. "पोरी, या डोळ्यामागं हाडच भरलं नाही. मेंदू डोळ्याला ढकलतो. कुणाला दाबू देऊ नकोस." लहानपणी शेजारणीनं एकदा दाबला, तेव्हा ठकू तीन दिवस बेशुद्ध होती.

बाप गेला. पुढं एका वर्षी गावातल्या एका घरी बयजा नावाच्या सुनेला मुलगी झाली, अगदी तसाच डोळा घेऊन. घरच्यांनी परगावचा जाणता आणला. त्यानं शिशाची चकती काढली. "डोळा आत बसवतो, वरून पट्टी आवळतो."

ठकू धावत घरात शिरली. "दाबू नका! मागं हाड नाही, पोर जाईल!"

सासू ओरडली, "तुझीच नजर लागली हिला! चल, नीघ!"

बयजानं ठकूचा डोळा पाहिला, पोरीचा पाहिला. दोन्ही सारखेच हलत होते. "ठकूबाई," ती म्हणाली, "घेऊन जा हिला."

ठकूनं पोर खांद्याशी उभी धरली आणि निघाली. पोर रडली की डोळा फुगायचा, आणि ठकू थांबली की पोर रडायची. मग ती थांबलीच नाही. गावाभोवती फेरीमागून फेरी. बयजा वाटेवर येऊन पाजायची, तीही चालता चालता. जाणता मागं धावून दमला आणि आपल्या गावी गेला. असं म्हणतात, गुरं चरायची सोडून ठकूमागं चालू लागली, आणि कातळावर तिच्या पावलांची वाट उमटली.

बाराव्या दिवशी सासू वाटेत आडवी आली. तिनं हात पुढं केले. "दे. मी चालते."

"उभीच धरा," ठकू म्हणाली. पोर देऊन ती खिंडीकडे चालत गेली. पुन्हा कुणाला दिसली नाही. पोरीचा डोळा तसाच राहिला, पण तिनं नातवंडं पाहिली.

आजही बोरखिंडीत बारशाआधी आजी बाळाला खांद्याशी उभं धरून त्या कातळवाटेनं फेरी घालते. भेटेल त्यानं थांबायचं, बाळाच्या डोळ्यांत पाहायचं. तोंड कुणी फिरवायचं नाही.