लॉजच्या वहीतला शेरा

वेंगुर्ल्याच्या प्रमिलाबाई सामंत शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी नागपूरला आल्या आणि स्टेशनजवळच्या एका लॉजवर उतरल्या. नळाला गढूळ पाणी, चादरीवर आदल्या पाहुण्याचे केस आणि खिडकी उघडली की समोर भिंत. तीन दिवस त्या भिंतीकडे बघताना त्यांना अंगणातली विहीर, सासूबाईंच्या हातची सोलकढी आणि वाट पाहणारी लेक आठवत राहिली.

निघताना मालक देवतळ्यांनी त्यांचं ओळखपत्र अडवून धरलं. "आधी वहीत चांगला शेरा लिहा. त्याशिवाय आम्ही कोणाला सोडत नाही."

गाडीला अर्धाच तास होता, पण खोटं लिहायला हात धजेना. मग बाईंनी लिहिलं, "इथे पाऊल ठेवल्यापासून मला क्षणोक्षणी माझं घर आठवलं."

देवतळ्यांनी खुशीत ओळखपत्र परत दिलं आणि नुकत्याच आलेल्या एका वृद्ध प्रवाशाला तो शेरा मोठ्याने वाचून दाखवला. "बघा, अगदी घरच्यासारखं."

म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, खरंच इतकं घर आठवतं इथे?"

"हो ना," बाई पिशवी उचलत म्हणाल्या, "डोळ्यांत पाणी येईपर्यंत."

"मग चला, स्टेशनपर्यंत सोबत होईल," असं म्हणून म्हातारा त्यांच्या मागोमाग बाहेर पडला.