माळावरचं वाकडं लोखंड

एका गावात एक भोळा राखणदार होता. नाव हैबती. सांगाल तेवढंच करायचा, त्यात स्वतःचं डोकं कधी मिसळायचा नाही.

गावच्या माळावर शहरातल्या शेठचा रोलर कोस्टर उभा राहत होता. पण गावाला कुणी काही सांगितलं नव्हतं. रूळ आभाळात चढलेले, मध्येच गिरकी घेऊन उलटे झालेले. सलूनच्या बाकड्यावर रोज खल चाले. "आगगाडीच हाय, पण आखणाऱ्यानं पिऊन आखलीया," असं केरबा न्हावी म्हणे. बाया म्हणत, "कुरडया वाळवायला केलंया."

हैबतीला एकच घोर. चिंचोलीच्या बाबाजीमामांचा निरोप होता, पोरगा या नोकरीवर टिकला तर पोरगी देऊ.

मुकादमानं बजावलं, "कुणालाही आत सोडायचं नाही." आणि चहाला गेला. परत आला तर फाटक बंद.

"अरे, मी आहे!"

"कुणालाही म्हंजी कुणालाच न्हाई."

मुकादम कुंपणावरून आला. अर्धी विजार तारेवरच राहिली. "गाढवा, ओळखीच्या माणसाला हसून आत घ्यावं!"

दुसऱ्या दिवशी बाया कुरडयांच्या पाट्या घेऊन आल्या. सगळ्या ओळखीच्या. हैबतीनं हसून आत घेतल्या. दुपारी रुळांच्या जिन्यावर कुरडयांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती.

मुकादम किंचाळला, "लोखंडाला हात लावेल त्याला काठी घेऊन हाकलावं!"

मग तपासणीला मोठे साहेब आले. त्यांनी खांबाला हात लावला. ते पार ओढ्यापर्यंत पळाले.

नोकरी गेलीच होती. हैबतीच्या आईनं, बायजाक्कानं, मुकादमाचे पाय धरले म्हणून वाचली. घरी तिनं लेकाला समजावलं, "आरं, आल्यागेल्याला आग्रह करावा. पाव्हणं लाजतं. पुरे म्हणालं की आणखी वाढावं."

हैबतीनं ते मनात पक्कं केलं.

वाळूची पोती बसवून चाचण्या झाल्या. माणसं बसवायचा दिवस आला. मुकादम म्हणाला, "हिरवं बटण सुरू, लाल बंद. हात लावू नको, फक्त बघत बस. मी नारळ घेऊन येतो."

तेवढ्यात पोरगा टिकलाय का ते बघायला बाबाजीमामा आले. डोक्याला नवा पटका. हैबतीनं हसून आत घेतलं, पुढच्या डब्यात बसवलं, पट्टा आवळला. मुकादम हात लावू नको म्हणाला होता, पण आईचा शब्द मोठा. आता पाव्हण्याला नुसतं बसवून कसं ठेवायचं? हिरवं बटण दाबलं.

मामा परत आले, पटका वरच राहिला. "पुरे! पुरे!"

"लाजू नका, मामा." हिरवं बटण.

"पोरगी दिली! पण आता पुरे कर!"

हैबती हरखला. सोयरीक जुळली. आता तर मामा घरचे झाले, घरच्याला हात आखडून कसं वाढायचं? हिरवं बटण.

वर उलटं लटकताना मामांच्या डोक्यात उजेड पडला, या पोराला उलटंच कळतं. खाली येताच ते ओरडले, "वाढ बाबा, आणखी वाढ!"

हैबतीचे डोळे भरून आले. "आई म्हणलीच हुती. बघा, मोडली का न्हाई लाज?" आणि हिरवं बटण.

कुंपणाबाहेर गाव जमला होता. मामांचा आवाज आभाळातून येत होता, "दिली! दिली! पोरगी दिली!"

केरबानं मांडीवर थाप मारली. "आत्ता कळलं! लगीन जमवायचं यंत्र हाय!"

मुकादम नारळ घेऊन परतला तर फाटकाशी ही रांग. गावातल्या बिनलग्नाच्या पोरांचे सगळे बाप उभे, आणि प्रत्येकानं एकेक पोरीवाला पाव्हणा घट्ट धरून आणलेला.