अस्वलरावांची हौस आणि चिंगीचं दार

कान इकडे, मान इकडे! गोष्ट निघाली माळाच्या कडेला.

तिथे होतं एक बीळ. बिळात राहायची चिंगी. चिंगी म्हणजे चिचुंद्री. नाक लांब, पाय आखूड, आवाज चूं चूं. तिला पिल्लं होती. एक थोरला, एक मधला आणि एक धाकटी.

बिळाला होतं एक दार. छोटंसं, लाकडाचं. दार लावलं की वारा बाहेर. दार लावलं की बोका बाहेर. आत सगळे गुडुप.

एक दिवस काय झालं?

धप् धप्! धप् धप्!

अस्वलराव आले. अस्वलरावांनी मध विकला होता. पोटभर जेवले, अंगभर ल्यायले, तरी पैसे उरले. उरलेले पैसे थैलीत. थैली वाजते कशी? खुळखुळ, खुळखुळ!

अस्वलरावांची मान वर. डोळे ढगात.

"करवत घेऊ की रंधा घेऊ? करवतीने कापीन खर्र खर्र. रंध्याने घाशीन सर्र सर्र. करवत घेऊ की रंधा घेऊ?"

खाली कोण बघणार? पाय पडला दारावर.

कडाड्!

दाराचा झाला भुगा.

चिंगी बाहेर आली. "अहो अस्वलराव! माझं दार मोडलंत!"

अस्वलराव म्हणाले, "एवढंच ना? रडू नकोस गं. मी देतो नवं करून. मला सुतारकामाची भारी हौस आहे."

"अगंबाई! आजवर काय काय केलंत?"

"आजवर?" अस्वलरावांनी डोकं खाजवलं. "आजवर विचार केला."

"मग आता दार करा ना."

"करतो की! पैसे आहेत. हौस आहे. पण करवत घेऊ की रंधा घेऊ? माकडाला विचार. माकड सल्ला देईल, तेव्हा मी खरेदी करीन. तोवर काही नाही!"

आणि अस्वलराव बसले सावलीत. थैली हलवत. खुळखुळ, खुळखुळ.

आता पिल्लांना ठेवायचं कुठे? बिळाला तर दार नाही. चिंगीची शेपूट धरली थोरल्याने. थोरल्याची धरली मधल्याने. मधल्याची धरली धाकटीने. निघाली आगगाडी!

तुरुतुरु, तुरुतुरु. आली माकडाकडे.

"माकडभाऊ, माकडभाऊ, सल्ला द्या!
अस्वल खरेदी करीना,
दार काही होईना,
वारा येतो सूं सूं,
बोका येतो हूं हूं,
पिल्लं म्हणतात चूं चूं!"

माकड झाडावर बसलं होतं. झाडाला काय काय टांगलं होतं! करवत होती, पटाशी होती, भोकं पाडायचं गिरमिट होतं. सगळं कागदात गुंडाळलेलं.

चिंगी म्हणाली, "माकडभाऊ, कागद का नाही काढला?"

"अगं, काढला की हत्यार वापरावं लागतं. वापरलं की खराब होतं. एवढं कळत नाही?"

"नाही कळत. तुम्ही सल्ला द्या."

माकड म्हणालं, "देईन की! पण असा कसा देऊ? सुतारपक्षी मान हलवेल, तेव्हा मी सल्ला देईन. तोवर काही नाही!"

धाकटी म्हणाली, "आई, झालं दार?"

"नाही गं. धर शेपूट."

तुरुतुरु, तुरुतुरु. आली सुतारपक्ष्याकडे.

"सुतारपक्षी, सुतारपक्षी, मान हलवा!
माकड सल्ला देईना,
अस्वल खरेदी करीना,
दार काही होईना,
वारा येतो सूं सूं,
बोका येतो हूं हूं,
पिल्लं म्हणतात चूं चूं!"

टक टक टक! सुतारपक्ष्याने चोच थांबवली. छाती फुगवली.

"मी कोण? सुतारपक्षी! नावातच सुतार!"

"मग तुम्हीच द्या ना एक दार करून."

"छे छे! मी फक्त भोकं पाडतो. पण मान मात्र मीच हलवतो. माझी मान हलल्याशिवाय या माळावर कोणी खिळासुद्धा घेत नाही."

"मग हलवा ना."

"अशी उगाच हलवत नसतात. पोपट भाव सांगेल, तेव्हा मी मान हलवीन. तोवर काही नाही!"

टक टक टक!

धाकटी म्हणाली, "आई, झालं दार?"

"नाही गं. धर शेपूट."

तुरुतुरु, तुरुतुरु. आली पोपटाकडे.

"पोपटदादा, पोपटदादा, भाव सांगा!
पक्षी मान हलवीना,
माकड सल्ला देईना,
अस्वल खरेदी करीना,
दार काही होईना,
वारा येतो सूं सूं,
बोका येतो हूं हूं,
पिल्लं म्हणतात चूं चूं!"

पोपट पेरू खात होता. कुट्टुम् कुट्टुम्. खाता खाताच बोलला.

"भाव? कालचा भाव शिळा. उद्याचा भाव कच्चा. भाव हवा आजचा!"

"मग आजचा सांगा."

"कसा सांगू? दुकान बंद, तर भाव बंद. कासव दुकान उघडेल, तेव्हा मी भाव सांगेन. तोवर काही नाही!"

कुट्टुम् कुट्टुम्.

एक पेरूची बी खाली पडली. धाकटीच्या डोक्यावर. टप्!

धाकटी म्हणाली, "आई, हे दार?"

"नाही गं. ही बी. धर शेपूट."

तुरुतुरु, तुरुतुरु. आली कासवाच्या दुकानी.

दुकान बंद. खिडकी बंद. दुकानापुढे एक पाठ. पाठीखाली कोणीतरी घोरत होतं. घुर्र, घुर्र.

चिंगीने पाठीवर टकटक केलं.

"कासवशेट, कासवशेट, दुकान उघडा!
पोपट भाव सांगेना,
पक्षी मान हलवीना,
माकड सल्ला देईना,
अस्वल खरेदी करीना,
दार काही होईना,
वारा येतो सूं सूं,
बोका येतो हूं हूं,
पिल्लं म्हणतात चूं चूं!"

कासवाने एक डोळा बाहेर काढला.

"दुकान बंद आहे."

"का बंद आहे?"

"गिऱ्हाईक नाही म्हणून."

"गिऱ्हाईक का नाही?"

"दुकान बंद आहे म्हणून."

"मग उघडा ना!"

कासव म्हणालं, "उघडेन की! पण आधी गिऱ्हाईक येऊ दे. अस्वल खरेदीला येईल, तेव्हा मी दुकान उघडेन. तोवर काही नाही!"

डोळा आत. घुर्र, घुर्र.

चिंगी उभीच राहिली. कासव थांबलंय अस्वलासाठी. पण अस्वल तर थांबलंय माकडासाठी. माकड पक्ष्यासाठी, पक्षी पोपटासाठी, पोपट कासवासाठी. म्हणजे सगळे नुसते बसलेत! आणि पळतंय कोण? एकटी चिंगी!

तेवढ्यात वारा सुटला. सूं सूं. पिल्लं काकडली. चूं चूं. आणि कुंपणावरून दोन हिरवे डोळे चमकले. कोण आलं?

हूं हूं! बोका आला!

चिंगीला आला राग. नाकापासून शेपटीपर्यंत राग. ती ओरडली,

"कासव दुकान उघडीना,
पोपट भाव सांगेना,
पक्षी मान हलवीना,
माकड सल्ला देईना,
अस्वल खरेदी करीना,
दार काही होईना!
थांबा, तुमची करते मी गंमत!"

चिचुंद्रीला रागावल्यावर काय येतं, ठाऊक आहे ना? वास! असला वास, असला वास, की विचारू नका.

चिंगी वळली. पाठ कासवाकडे. शेपूट वर.

फुस्स्स्!

बोक्याने नाक मुरडलं. "म्यांव! शी!" बोका पळाला पार ओढ्यापलीकडे.

कासव झटकन बाहेर आलं. "आई आई गं! दारं उघडा! खिडक्या उघडा! वारा येऊ द्या!"

कधी नव्हे ते कासव धावलं. आणि मग?

कासवाने दुकान उघडलं, धाडधाड!
दुकान उघडलं, पोपटाने भाव सांगितला. नाक दाबून सांगितला.
भाव सांगितला, सुतारपक्ष्याने मान हलवली.
मान हलवली, माकडाने सल्ला दिला.

आणि सल्ला काय दिला? एवढा वेळ ज्याच्यासाठी सगळं अडलं होतं, तो सल्ला काय होता?

माकड म्हणालं, "सगळंच घ्या."

मग अस्वलराव खरेदीला निघाले. बाकीचे सगळे मागोमाग. धप् धप्! धप् धप्!

करवत घेतली. रंधा घेतला. हातोडा घेतला. आणि ठेवायला एक पेटी घेतली. मोठी, लाकडाची, लाल लाल, चकचकीत! पेटीला पितळी कडी. अस्वलराव पेटीवर हात फिरवत राहिले.

"वा! वा! काय पेटी आहे!"

थैली हलवली. खुळखुळ नाही. सगळे पैसे संपले.

चिंगी म्हणाली, "आता करा दार."

"करतो की!" अस्वलराव इकडे बघतात, तिकडे बघतात. "अरे! लाकूड कुठाय? लाकूड घ्यायचं राहिलंच की!"

माकडाने वर बघितलं. पोपटाने खाली बघितलं. सुतारपक्ष्याची मान हलेना. कासवाने डोकं आत घेतलं.

अस्वलराव म्हणाले, "असू दे गं. पुढच्या वर्षी पुन्हा मध विकीन. पुन्हा पैसे उरतील. मग लाकूड घेईन. तोवर काही नाही!"

चिंगी हळूच वळली. पाठ अस्वलरावांकडे. शेपूट... वर... वर...

"नको!" माकड ओरडलं.

"नको नको!" पोपट ओरडला.

"अहो कापा! काहीतरी कापा!" आतूनच कासव ओरडलं.

कापायला होतं काय? एकच वस्तू. लाल लाल, चकचकीत!

अस्वलरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण करवत उचलली. ठेवली पेटीच्या झाकणावर.

खर्र खर्र! खर्र खर्र!

झाकणाचा तुकडा कापला. रंध्याने घासला, सर्र सर्र. हातोड्याने ठोकला, ठक ठक. आई गं! एकदा अंगठाही ठोकला.

झालं दार!

दार वाकडं होतं. एक कोपरा वर, एक कोपरा खाली. पण दार ते दारच. चिंगीने ते बिळाला बसवलं. ढकलून पाहिलं. हललं नाही. थोरला आत गेला. मधला आत गेला.

धाकटीने दाराला नाक लावलं. "आई, झालं दार?"

"झालं गं बाई, झालं!"

धाकटी उडी मारून आत.

बाहेर अस्वलराव उभे. एका हातात करवत. एक अंगठा तोंडात. आणि मिशीत हसू.

"चिंगीताई, बघितलंत? मी केलं! माझ्या हाताने केलं! आता दाराला कडी हवी. कडी घेऊ की कोयंडा घेऊ? पितळी घेऊ की लोखंडी घेऊ? माकडाला विचारू का?"

चिंगीने लांब नाक बाहेर काढलं. अस्वलरावांकडे बघितलं. नाक आत घेतलं.

आणि दार लावलं.

धाडकन्!

बिळाचं दार मिटलं, गोष्टीचं दार मिटलं. आता तुमच्या डोळ्यांची दारं मिटा बघू!